टेकाडावरचे दोन डबे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "तुम्ही वारज्याच्या पुढच्या त्या ड्राइव्ह-इन थिएटरात होतात ना? त्या आठवणी लिहा की." मी म्हटलं, "अहो, मी सिनेमातला माणूस नाही, मी डब्यांतला." त्यांना वाटलं मी फिल्मच्या डब्यांबद्दल बोलतोय. मी खुलासा केला नाही. केला असता तर त्यांनी बहुधा दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला असता.

खुलासा इथे करतो. ड्राइव्ह-इन थिएटर म्हणजे उघड्या मैदानात उभा केलेला सिनेमाचा पडदा आणि त्याच्यासमोर रांगांनी लावलेल्या मोटारी. लोक आपापल्या मोटारीत बसून सिनेमा बघतात. चित्र मोठं असतं, ते लांबूनही दिसतं, पण आवाजाचं काय? त्यासाठी दर दोन मोटारींच्या मध्ये एक खांब आणि खांबावर पत्र्याचे दोन डबे. डब्यात स्पीकर, वर आकडा, मागे वायर. डबा उचलायचा, मोटारीच्या काचेला अडकवायचा आणि बटण फिरवून आवाज लहानमोठा करायचा. असे तीनशेच्या वर डबे होते, आणि ते बोलते ठेवणं ही माझी नोकरी. कागदोपत्री हुद्दा 'साउंड मेकॅनिक'. मैदानावर सगळे 'डबेवाले' म्हणत, त्यामुळे दोन-तीनदा लोकांनी माझ्याकडे जेवणाची चौकशी केली होती.

या नोकरीत मी नाव घेण्यासारखं एकच सत्कृत्य केलं, आणि त्यापायी एका बाईची बसायची जागा गेली. लिहायला हो म्हटलं ते खरं तर त्या जागेसाठी. पण आधी थेटर दाखवायला हवं, कारण आता तिथे दाखवायला काही नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. मीही तिथेच चिकटावं ही त्यांची इच्छा. परीक्षेला बसलो, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी देशाच्या संरक्षणाचा विचार करून मला नापास केलं. मग रेडिओदुरुस्ती शिकलो आणि इथे लागलो. वडील क्वार्टर्समध्ये सांगत, "मुलगा सिनेमात असतो." हेच वाक्य माझ्या लग्नाच्या वेळी कसबा पेठेत माझ्या सासरी पोचलं आणि तिथे दोन दिवस चूल नीट पेटली नाही. बघायच्या कार्यक्रमात मुलीने, म्हणजे आमच्या सुमनने, सरळ विचारलं, "सिनेमात म्हणजे नेमके कुठे?"

"पडद्यामागे," मी म्हटलं.

हे अगदी खरं होतं. पडदा म्हणजे चार मजले उंच सिमेंटची भिंत, पांढरा रंग दिलेली. तिच्या मागच्या अंगाला, पायथ्याशी एक खोली होती, तीच माझी दुरुस्तीची खोली. खेळ सुरू झाला की मी तिथे मोडक्या डब्यांच्या ढिगाऱ्यात बसे. समोर टेबलावर एक डबा चालू ठेवलेला, आवाजावर लक्ष ठेवायला. एवढ्या वर्षांत मी शेकडो सिनेमे ऐकले, अख्खा बघितला मात्र एकही नाही. हिरोचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. तो रस्त्यात समोर आला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता.

आमचे मालक हौशी होते. परदेशात कुठेतरी त्यांनी ड्राइव्ह-इन पाहिलं आणि पुण्यात काढायचं ठरवलं. त्या वेळी पुण्यात मोटारी किती आणि स्कूटरी किती, हा हिशेब त्यांनी केला नाही. मैदानाला उंचवटे केले होते, मोटारीचं नाक वर राहावं म्हणून. पहिल्याच रविवारी तिथे मोटारींच्या कैक पट स्कूटरी आल्या, आणि उतारावर स्टँडला लावलेल्या स्कूटरी मध्यंतरापर्यंत एकेक करून आडव्या झाल्या. पुढे स्कूटरवाल्यांसाठी पहिल्या रांगेपुढे सपाट जागा आणि सिमेंटची बाकं केली. लोक घरून सतरंज्या, उशा, पोळीभाजी घेऊन येत, आणि जेवणं झाली की आवाजाचा डबा उशाशी घेऊन आडवे होत.

मालकांची दुसरी चूक जास्त मोठी होती. जागा त्यांनी एका जाणकाराला दाखवली, आणि त्याने सांगितलं, पडदा पूर्वेला हवा, शुभ असतं. पडदा पूर्वेला, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे मावळतीचं ऊन थेट पडद्यावर. उन्हाळ्यात साडेसातपर्यंत आमच्या पडद्यावर फक्त सूर्य दिसे.

यावरून सबनीस मास्तरांशी झालेला प्रसंग सांगतो. मास्तर कसब्यातले, निवृत्त, शेजाऱ्यांच्या अँबॅसेडरमध्ये सहकुटुंब येत. एका मे महिन्यात सातला दोन मिनिटं असताना ते माझ्यासमोर घड्याळ धरून उभे राहिले.

"सात वाजत आले."

"हो मास्तर, पण अजून उजेड आहे. चित्र दिसणार नाही."

"उजेड हा तुमचा प्रश्न आहे. तिकिटावर सात छापलंय की अंधार छापलाय?"

मी मॅनेजरकडे गेलो, मॅनेजर मालकांकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून खेळ सातला सुरू. पहिला अर्धा तास पांढऱ्याफटक भिंतीसमोर शेकडो माणसं डब्याला कान लावून बसलेली असत. हिरोचे आईवडील त्या अर्ध्या तासातच मरत, त्यामुळे ते कसे दिसत हे आमच्या प्रेक्षकांना उन्हाळाभर कळलं नाही. सबनीस मास्तर समाधानी होते. जाताना म्हणाले, "आता कसं, वेळेवर सुरू होतं."

माझा दिवस दुपारी सुरू होई. अँप्लिफायरवर एक भक्तिगीताची तबकडी लावायची आणि सायकलवरून खांबाखांबाला थांबत प्रत्येक डबा कानाला लावायचा. दोन सेकंद ऐकलं की कळतं: हा ठीक, ह्याच्या आतल्या कागदी पडद्याला भोक, ह्याच्यात मुंग्या. मुंग्यांचं आणि स्पीकरचं काय नातं आहे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा गांधीलमाशीने एका डब्यात घर केलं, आणि त्या रांगेतल्या एका बाईंनी तक्रार केली की नायिका खोकते आहे. ते भक्तिगीत मी हजारो वेळा लावलं असेल, पण सलग कधी ऐकलं नाही. देव भक्ताला शेवटी भेटतो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

डब्यांचा मुख्य शत्रू मात्र मुंगी नव्हे, घाई. सिनेमा संपायच्या आधी निघणारे लोक डबा काचेवरच विसरत आणि गाडी सुरू करत. वायर ताणली जाई आणि फट्कन तुटे. मग मी एक पाटी रंगवली: 'डबा आपला नाही. गाडी आपली आहे. फरक ओळखावा.' आठवड्यात तीन तक्रारी आल्या, आणि डबे पूर्वीइतकेच तुटले. प्रभात रोडच्या एका डॉक्टरांनी तर दुसऱ्या दिवशी डबा नोकराकरवी परत पाठवला, सोबत चिठ्ठी: 'आपला डबा काल आमच्यासोबत आला. आम्ही बोलावले नव्हते.' मी ती चिठ्ठी बरीच वर्षं पाकिटात ठेवली होती. माझ्या पाटीला कुणीतरी शोभेसं उत्तर दिलं याचा मला आनंदच झाला होता.

आता त्या टेकाडाकडे येतो.

मैदानाच्या पश्चिमेला, शेवटच्या रांगेमागे, कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे एक टेकाड. टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गाव. दिवस मावळला की गावातली तीस-चाळीस माणसं टेकाडावर येऊन बसत. तिथून पडदा सरळ समोर, पण आवाज नाही. आमच्या वॉचमनने दोनदा मॅनेजरकडे कागाळी केली. मॅनेजर म्हणाले, "आकाशाकडे बघायला आपण तिकीट लावू शकत नाही," आणि विषय संपवला. मला मात्र तो विषय लागून राहिला. माणसं रोज येतात, तीन तास मुकी चित्रं बघतात, आणि इथे मी, आवाजाचा माणूस, बसलोय डब्यांतल्या मुंग्या काढत. मला त्यांची दया आली. माझी दया ही पहिल्यापासूनच जरा उतावळी.

एका संध्याकाळी खेळ सुरू झाल्यावर मी भिंतीवरून टेकाडावर गेलो. मध्ये एक सपाट दगड होता. त्यावर पन्नाशीची एक बाई बसली होती, बाकी सगळे तिच्याभोवती खाली मातीत. ती पारूआक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी कुणी नाही. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून मंडईत न्यायची आणि दुपारी परत यायची. एवढं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी कळलं ते एवढंच, की ती सिनेमा सांगत होती.

"आता बगा," ती म्हणत होती, "ह्यो आला. ह्यो तिचा थोरला दीर. नवरा ऊसतोडीला गेलाय, घरात बाई एकली. ह्याला जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा पायजेल."

पडद्यावर एक माणूस दारात उभा होता आणि आत एक बाई. तो नुसताच बघत उभा राहिला आणि निघून गेला.

"आज गेला," आक्का म्हणाली. "पर येनार त्यो."

टेकाडावरची माणसं त्या माणसाला शिव्या घालू लागली. मी सिनेमा ऐकलेला होता. तो माणूस साध्या वेषातला फौजदार होता आणि बाईचा नवरा सोन्याची तस्करी करायचा. दीर नाही, ऊस नाही, कागद तर नाहीच. मला हसू आवरेना. गाणं सुरू झालं तशी आक्का म्हणाली, "आता ही दोगं नाचत्यात. तवर भाकरी खाऊन घ्या," आणि सगळ्यांनी फडकी सोडली.

पुढे मी आठवडाभर सवड मिळेल तेव्हा जात राहिलो. बघून आणि लोकांकडून ऐकून तिची पद्धत कळत गेली. सिनेमा बदलला की पहिल्या दिवशी ती बोलत नसे. "आज फकस्त बगायचं," म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून सांगायची. मागच्या सिनेमात मेलेला नट नव्या सिनेमात दिसला की कुणीतरी हटकायचं, आणि ती म्हणायची, "त्यो मेला. ह्यो त्येचा भाऊ." सगळ्यांना पटायचं. ती यायला उशीर झाला तर दगड रिकामा ठेवलेला असायचा. पोरासोरांनी दगडावर पाय ठेवला तरी म्हातारे ओरडायचे. सकाळभर मंडईत तिच्याशी लोक फक्त जुडी लहान आहे एवढंच बोलत असणार. संध्याकाळी मात्र चाळीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत. हे सगळं मला दिसत होतं. दिसूनही मी पुढचं केलं, म्हणून तर लिहितोय.

माझं म्हणणं असं होतं, की या लोकांना खरा सिनेमा मिळाला पाहिजे. बिचारे अज्ञानात आहेत. मी बाद झालेल्या डब्यांतले दोन बरे डबे निवडले, त्यांना आतून नवे कागदी पडदे चिकटवले, आणि तीन दुपारी खपून पाणी जाण्याच्या भोकातून भिंतीपलीकडे वायर नेली. टेकाडावरच्या बाभळीला डबे टांगले. मालकांना विचारलं नाही. त्या दिवशी घरून निघताना सुमनला म्हटलं, "आज मी गावाला आवाज देणार आहे." ती पोळ्या लाटत होती. "त्यांनी मागितला होता का?" असं तिने विचारल्याचं मला आठवतं. मी सायकल काढली.

संध्याकाळी मी उद्घाटनाला हजर होतो. आक्का नुकतीच सुरू झाली होती, "ह्यो तिचा थोरला," आणि बाभळीतून हिंदीत आवाज आला. सगळे दचकले. मग हसले, टाळ्या पडल्या. मी भिंतीला टेकून उभा, हाताची घडी घालून. आक्काने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. कुणीतरी म्हणालं, "आक्का, गप जरा. ऐकू दे."

थोड्या वेळाने दारातल्या माणसाने खिशातून ओळखपत्र काढलं आणि डब्यातून त्याने आपण कोण ते सांगितलं.

"आक्का, ह्यो तर फौजदार हाय की. दीर कुठला?" एकजण म्हणाला, आणि टेकाडभर हशा पिकला. आक्काही हसली, पदर तोंडाला लावून. मी पण हसलो. माझं हसणं सगळ्यात मोठं होतं, कारण मला आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती मागे, कडेला बसली. तिसऱ्या दिवशी आली नाही. मला याचा पत्ताच नव्हता. मी घरी, मैदानावर, वडिलांकडे माझ्या समाजकार्याच्या गोष्टी सांगत होतो. आठ-दहा दिवसांनी टेकाडावर गेलो तर माणसं निम्म्यावर आलेली. दगडावर दोन पोरं बसून शेंगा खात होती. एक म्हातारा माझ्या ओळखीचा झाला होता, त्याला विचारलं, "काय हो, लोक का कमी झाले? आवाज नीट नाही का?"

"आवाज बेस हाय," म्हातारा म्हणाला. "पर हिंदी बोलत्यात, निम्मं कळंना. आन् जे कळतंय त्यात काय न्हाय."

"आणि आक्का?"

"ती कशाला यील? तुमचं यंत्र हाय की." मग म्हणाला, "तुमचं यंत्र नुसतं बोलतंय बगा. सांगत न्हाय काय."

मी ते डबे त्याच संध्याकाळी काढले. वायर गुंडाळताना कधी नव्हे ती लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या घरी गेलो. ती मंडईतून लवकर परतली होती आणि दारात बसून उद्याची मेथी निवडत होती. मला तिने ओळखलं, पाणी दिलं.

"आक्का, डबे काढले मी. आजपासून या."

"काढले कशापायी? लोकांची सोय झालती."

"लोकांना तुम्ही सांगायला हव्या आहात."

"आता काय सांगू?" ती मान वर न करता म्हणाली. "समद्यांना ठावं झालं, मी खोटं सांगत व्हते."

"खोटं कुठे आक्का, ते आपलं…"

"मंग काय? त्यो दीर न्हवता." तिने एक जुडी बांधून बाजूला ठेवली. "मला तसंच दिसत व्हतं. मी काय मुद्दाम न्हाय सांगितलं."

मी एवढे दिवस धरून चाललो होतो की ती लोकांना बनवते आहे, गंमत म्हणून. तिला खरोखरच दीर दिसत होता. मी तिथून उठलो तेव्हा जायची घाई असल्याचं सोंग केलं.

आता काय करायचं ते सुचेना. शेवटी जे सुचलं ते माझ्यालायकच होतं. मी ठरवलं, आपणच सांगू. सिनेमाचा चौथा आठवडा चालू होता, पडद्यामागे बसून माझे सगळे संवाद पाठ झाले होते. टेकाडावरची माणसं तरी टिकतील, आणि डब्यांनी केलेल्या नुकसानाची भरपाई होईल. म्हाताऱ्याकरवी गावात निरोप दिला की आज डबेवाले साहेब सिनेमा सांगणार आहेत. लोक आले, चाळीसच्या वर. नव्या माणसाची फजिती बघायला लोक येतातच. मी दगडावर बसायला धजलो नाही, शेजारी मातीत बसलो.

सुरुवात झोकात झाली. नायक बोलला की मी त्याचं वाक्य जसंच्या तसं मराठीत करून सांगत होतो. पंधरा मिनिटांत मागची मंडळी आपसात उसाच्या गोष्टी बोलू लागली. पुढे बसलेला एकजण म्हणाला, "सायेब, हे समदं डब्यात ऐकलंय. म्होरं काय?"

मी घाबरून आणखी भरभर सांगू लागलो. मग तो प्रसंग आला. दारात तो माणूस येऊन उभा राहिला, आणि आत ती बाई खिडकीशी गेली.

"आता ती का रडती?" एका बाईने विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. ती खरंच रडत होती. खोटं नाही सांगत, ती रडते हे मला माहीतच नव्हतं; आधी टेकाडावर यायचो तेव्हा माझं लक्ष आक्काच्या चुकांकडेच असायचं. पडद्यामागून त्या जागी फक्त व्हायोलिन ऐकू यायचं. एक मिनिट व्हायोलिन, मग दार लागल्याचा आवाज.

"इथे… इथे नुसतं संगीत आहे," मी म्हणालो.

कुणी हसलंही नाही, इतकं ते वाईट होतं. आणि सगळ्यांच्या मागून, बाभळीकडून आवाज आला, "आवो, नुसतं संगीत कसं? ढळाढळा रडतीया, दिसत न्हाय व्हय?"

आक्का मागे उभी होती. ती माझी फजिती बघायला आली होती की आणखी कशाला, मी कधी विचारलं नाही. माणसांतून वाट काढत ती पुढे आली.

"सरका," मला म्हणाली.

मी सरकलो. ती दगडावर बसली, पदर सावरला. म्हातारा म्हणाला, "आक्का, पर त्यो फौजदार हाय बरं का." आधीच बजावून ठेवावं अशा सुरात.

"हाय की फौजदार," ती म्हणाली. "मला बी ठावं हाय आता. पर फौजदाराला भाऊ नसतो व्हय? हिचा नवरा त्येचाच धाकला भाऊ. धरायचा का सोडायचा ते त्येला उमगंना, म्हून त्यो दारात हुबा हाय. आत जाईना, मागं फिरंना. आन् हिला समदं ठावं हाय, म्हून रडती."

पडद्यावर तो माणूस दारात तसाच उभा होता. या प्रसंगाबद्दल आमचे प्रोजेक्टरवरचे ऑपरेटर नेहमी कुरकुरत, की हा नट इतका वेळ नुसता उभा का राहतो, दिग्दर्शक झोपला होता काय. त्या संध्याकाळी मला कळलं तो का उभा आहे ते. माझ्या शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "बेक्कार झालं बिचाऱ्याचं." परवापर्यंत तो त्याला शिव्या घालत होता. तेवढ्यात नाच सुरू झाला आणि आक्का म्हणाली, "खाऊन घ्या." मलाही कुणीतरी अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. मध्यंतराला मैदानात चार डबे बंद पडल्याची बोंब झाली, आणि मी टेकाडावर भाकरी खात होतो म्हणून मॅनेजरांनी मला पहिली आणि शेवटची लेखी समज दिली.

त्यानंतर थेटर बंद होईपर्यंत आक्का सांगत राहिली. दगड परत तिचा झाला. पण एक गोष्ट मी परत देऊ शकलो नाही. पूर्वी ती सांगायची आणि माणसं ऐकायची. आता अधूनमधून कुणीतरी विचारायचं, "खरं का, आक्का?" ती उत्तर द्यायची, चांगलंच द्यायची, पण द्यावं लागायचं. तो प्रश्न त्या टेकाडावर मी टांगला होता, तीन दुपारी खपून.

पुढे जागेला भाव आला, लोकांच्या घरी रंगीत टीव्ही आले, आणि मालकांनी मैदान विकलं. पडदा पाडताना मी गेलो होतो. सिमेंट इतकं पक्कं निघालं की तीन दिवस लागले, आणि मालक म्हणाले, एवढं पक्कं बाकी काहीच नव्हतं हो आपलं. टेकाड सपाट झालं. तिथे आता मोठी सोसायटी आहे, आणि तिथून चालत दहा मिनिटांवर आम्ही राहतो. आक्का थेटर बंद झाल्यावर चार वर्षांनी गेली, हे मला मंडईतल्या एका भाजीवालीकडून उशिरा कळलं. त्या दगडाचं काय झालं ते मी सोसायटीच्या वॉचमनला एकदा विचारलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला ओळखीची होती. मी नायिकेच्या खोकल्याची तक्रार करणाऱ्या बाईंकडे तसंच बघितलं होतं.

तीनशे डबे रोज कानाला लावल्याचा परिणाम म्हणा की वयाचा, माझे दोन्ही कान आता बाद यादीत आहेत. मुलाने महागडं यंत्र आणून दिलंय. दिवसा मी ते लावतो, म्हणजे सुमन काय म्हणते ते नाकारता येत नाही. संध्याकाळी मालिका लागल्या की काढून टेबलावर ठेवतो. सुमनला याचा फार राग यायचा.

परवा असेच बसलो होतो. टीव्हीवर एक माणूस दारात उभा होता.

"काय चाललंय कळतंय का तुम्हाला?" सुमनने माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"कळतंय की. हा तिचा थोरला दीर."

"अहो, डॉक्टर आहे तो. आत्ताच सांगितलं त्याने."

"असू दे. डॉक्टरला भाऊ नसतो?"

तिने पडद्याकडे बघितलं. मग रिमोट उचलला, आवाज बंद केला, आणि माझ्या शेजारी सरकून बसली.

"बरं," ती म्हणाली. "कुठे असतो तो भाऊ?"